सहसंपादक नेमताना



ज्ञानविषयक नियतकालिकांच्या अडचणींबद्दल सकाळपासून बरेच बोलून झाले आहे. छपाईचा खर्च, घटते वर्गणीदार, उशिरा येणारे अनुदान हे सगळे खरेच आहे. मी मात्र ज्याला पैसा फारसा लागत नाही अशा एकाच प्रश्नावर बोलणार आहे. नियतकालिकाचे सहसंपादक कसे नेमावेत, हा तो प्रश्न.

बेळगावात राहणाऱ्या माणसाला डॉक्टरांचा शेजार चुकत नाही. १९६३ मध्ये इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि तेव्हापासून शहराच्या बोलण्यात दवाखाना, ऑपरेशन, परिषद हे शब्द रुळले. त्यामुळे साहित्याचा अध्यापक असूनही शल्यचिकित्सेची नियतकालिके कशी चालतात याचे मला कुतूहल वाटत आले. ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’ १८८५ मध्ये निघाले, ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’ १९१३ मध्ये. अशा नियतकालिकांत मुख्य संपादकाच्या हाताखाली सहसंपादकांची फळी असते. पोटाच्या शस्त्रक्रियेचा एक, रक्तवाहिन्यांचा दुसरा, कर्करोगाचा तिसरा. जागा रिकामी होणार असली की अनेक ठिकाणी जाहीर आवाहन केले जाते. कोणत्या शाखेचा माणूस हवा, मुदत किती, महिन्याला साधारण किती निबंध हाताळावे लागतील, हे आधीच सांगितले जाते. उमेदवाराने यापूर्वी परीक्षक म्हणून काम कसे केले, अहवाल वेळेवर दिले का, ते नीट लिहिले होते का, हेही पाहिले जाते.

त्यामागचे कारण साधे आहे. आतड्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्याला मेंदूच्या शस्त्रक्रियेवरचा निबंध तपासता येत नाही, हे कबूल करण्यात त्या क्षेत्रात कमीपणा मानत नाहीत. चुकीचा निबंध छापला गेला तर उद्या कुणीतरी तो वाचून टेबलावरच्या रोग्याला सुरी लावील. आपल्याकडे चुकीच्या निबंधाने कुणाचा जीव जात नाही. म्हणून आपण सैल राहिलो आहोत, असे मला वाटते.

या कामाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. आलेला निबंध सहसंपादक आधी स्वतः वाचतो. तो कुणाकडे तपासायला द्यायचा हे ठरवतो. परीक्षकांचे अहवाल आले की त्यांचीही परीक्षा करतो, कारण परीक्षकही चुकतो, कंटाळतो, कधी आकसाने लिहितो. मग लेखकाला काय सुधारावे ते कळवतो आणि संपादकाला शिफारस करतो. म्हणजे अनोळखी लेखकाचा निबंध शेवटपर्यंत वाचून त्याला उत्तर देणारा जो माणूस, तो सहसंपादक. आपल्या अनेक नियतकालिकांच्या मुखपृष्ठाआड छापलेली आठ-दहा नावे या व्याख्येला लावून पाहा. त्यांतली किती उरतात?

नाव छापणे आणि काम करणे यांत अंतर पडले की काय होते, याचा एक प्रयोग पोलंडमधल्या संशोधकांनी केला. त्यांनी एक काल्पनिक प्राध्यापिका तयार केली. तिचे आडनाव ठेवले ‘शुस्त’. पोलिश भाषेतल्या ‘लबाड माणूस’ या अर्थाच्या शब्दाशी जुळणारे. तिच्या नावावर संपादनाचा कसलाही अनुभव नव्हता. ३६० नियतकालिकांना तिचा अर्ज पाठवला: मला संपादक म्हणून घ्या. ४८ जणांनी घेतले. हा वृत्तान्त २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडची गोष्ट याहून फार वेगळी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, आणि मे २०१८ मध्ये त्याच यादीतून ४,३०५ नावे काढून टाकावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘केअर’ ही व्यवस्था आली, २०१९ मध्ये तिची नवी यादी लागू झाली, आणि २०२५ मध्ये ती यादीही आयोगाने बंद केली. आता कोणते नियतकालिक चांगले हे विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी ठरवायचे आहे. दिल्लीची यादी गेली, तेव्हा विश्वास ठेवायचा तो संपादक मंडळावरच. निपाणीतल्या एखाद्या तरुण अध्यापिकेची नेमणूक किंवा बढती कुठल्या तरी सहसंपादकाने तिचा निबंध उघडला की नाही, यावर अवलंबून राहणार आहे.

निपाणीचे नाव मी मुद्दाम घेतले. माझ्या एका विद्यार्थिनीने तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांच्या बोलीवर निबंध लिहिला होता. तिची आई वखारीत होती, आजीही. तिने तो एका नियतकालिकाकडे पाठवला. अकरा महिन्यांनी तीन ओळींचा अभिप्राय आला. वखार लाकडाची असते, तंबाखूशी तिचा संबंध स्पष्ट करावा, ही पहिली ओळ. ‘काय करालायस?’ यांसारखी रूपे अशुद्ध असून त्या जागी प्रमाण रूपे द्यावीत, ही दुसरी. निबंध स्वीकारता येत नाही, ही तिसरी. बोलीवरच्या निबंधातून बोलीच काढून टाका, असा हा सल्ला होता. तिने विचारणा करणारे पत्र लिहिले, त्याला उत्तर आले नाही. ती आता दुसरे काम करते.

परीक्षकाला निपाणीची वखार ठाऊक नसणे हा मी गुन्हा मानत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे लाकडाचीच वखार येणार. प्रश्न असा की त्या तीन ओळी लेखिकेकडे जाण्याआधी मधे कुणी वाचल्या का? वाचणारा असता आणि त्याने महादेव मोरे यांच्या दोन कथा जरी वाचलेल्या असत्या, तरी तो थबकला असता. मोऱ्यांनी निपाणीत पिठाची गिरणी चालवत या गावची माणसे त्यांच्याच भाषेत मराठी साहित्यात आणली. सहसंपादक नेमताना अशी थबकण्याची शक्यता आपण नेमत असतो.

सीमाभागाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. निपाणीची मुले अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात शिकायला जातात, तेव्हा ती कर्नाटकातून महाराष्ट्रात जातात आणि संध्याकाळी घरी परततात. इथली मराठी कन्नडच्या सहवासात वाढली आहे, आणि इथले संशोधनही दोन्ही भाषांत उभे आहे. शं. बा. जोशी हे मूळचे याच जिल्ह्यातले, कन्नडचे थोर अभ्यासक. त्यांनी ‘मऱ्हाटी संस्कृती’ हे पुस्तक १९५२ मध्ये मराठीत आणले. रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ मध्ये आले, त्यातही कर्नाटकातली साधने आहेत. असा निबंध उद्या एखाद्या अनोळखी मुलाने पाठवला, तर त्यातला कन्नड शिलालेख पडताळून पाहणारा एक तरी माणूस आपल्या मंडळावर आहे का? नसेल तर दोनच गोष्टी घडतात. निबंध घाबरून परत जातो, नाहीतर डोळे झाकून छापला जातो.

हे काम मराठीला नवे नाही, आणि बेळगाव जिल्ह्याला तर अजिबात नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांचा जन्म १८४३ मध्ये खानापूर तालुक्यातल्या जांबोटीचा. ‘मोचनगड’ या ऐतिहासिक कादंबरीचे लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण १८६७ मध्ये निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’चे ते पहिले संपादक, ही त्यांची मोठी ओळख. गुंजीकर १९०१ मध्ये गेले. मासिक त्यानंतरही १९३७ पर्यंत चालले. सत्तर वर्षे! एका माणसाच्या विद्वत्तेवर मासिक इतके चालत नाही. कामाची सवय एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जावी लागते, आणि ती जाण्याची जागा म्हणजे मुख्य संपादकाशेजारची खुर्ची.

‘सत्यकथे’चे उदाहरण ललित साहित्याचे आहे, पण इथे उपयोगी पडेल. श्री. पु. भागवतांबरोबर राम पटवर्धन तिथे वर्षानुवर्षे हस्तलिखिते वाचत होते. नवख्या लेखकांना ते पत्रे लिहीत, कथा कुठे सैल पडली ते दाखवत, पुन्हा लिहायला लावत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. त्यानंतरही कित्येक लेखक आपली जडणघडण सांगताना या पत्रांचा उल्लेख करत राहिले. साभार परत आलेल्या कथेबरोबर चार ओळी आल्या, तर लेखक टिकतो.

आता अकादमीपुढे काही सूचना ठेवतो. सहसंपादकाच्या जागा जाहीर कराव्यात. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या नियतकालिकाने हे करायलाच हवे. शिफारशीने आलेल्या नावांनाही तोच अर्ज भरू द्यावा. अर्जाबरोबर उमेदवाराला लेखकाचे नाव काढलेला एक जुना निबंध द्यावा आणि त्यावर दोन पाने अभिप्राय मागवावा. पदव्यांच्या यादीतून जे कळत नाही, ते या दोन पानांतून कळते. मुदत तीन वर्षांची असावी, आणि सगळे एकदम निवृत्त होऊ नयेत. दरवर्षी एक-तृतीयांश बदलले, तर जुन्यांकडून नव्यांना काम शिकता येते. मार्गदर्शकाने आपल्या विद्यार्थ्याचा आणि सहकाऱ्याने आपल्या विभागातला निबंध हाताळू नये, हे लेखी असावे. निबंध पोहोचल्याची पोच आठ दिवसांत आणि निर्णय चार महिन्यांत द्यावा. नकार असेल तर त्याचे कारण लेखकाला कळेल अशा भाषेत द्यावे. आणि मंडळावर बोलींचा एक अभ्यासक व कन्नड वाचू शकणारा एक जण असावा. तो सीमाभागातलाच असावा असा माझा आग्रह नाही. त्याला इथली बोली ऐकू यावी, एवढे पुरे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की मोठी नावे नसतील तर नियतकालिकाला वजन येत नाही. मोठ्या नावांसाठी सल्लागार मंडळ ठेवावे, त्यांचा मान राखावा. पण सल्लागार आणि सहसंपादक यांची सरमिसळ करू नये. दुसरा आक्षेप असा की बिनपगारी एवढे काम कोण करील? हा आक्षेप खरा आहे. म्हणून थोडेफार मानधन द्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे या कामाची नोंद अध्यापकाच्या शैक्षणिक कामात व्हावी, यासाठी अकादमीने विद्यापीठांना लिहावे. एक निबंध नीट तपासायला तीन संध्याकाळी जातात. त्या संध्याकाळी कुठेच मोजल्या जात नसतील, तर तरुण माणूस त्या देणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगेन की या पदाची तयारी आजपासून करता येते. मित्राचा प्रबंध वाचायला घ्या. प्रत्येक पानावर एक प्रश्न लिहा. जे कळले नाही ते ‘चुकीचे’ म्हणून खोडण्याआधी विचारा. ज्याला विचारता येते, तोच पुढे संपादन करतो.

पुढच्या अंकापासून अकादमीने एक छोटी गोष्ट करावी, अशी विनंती करून थांबतो. सहसंपादकांच्या प्रत्येक नावापुढे त्याचा विषय आणि मुदत संपण्याचे वर्ष छापावे. ज्याच्या नावापुढे विषय लिहिता येणार नाही, ते नाव मंडळात कशासाठी आहे हा प्रश्न मग वाचकच विचारतील.