रस्त्यावरची एक पंगत

(वडनेर भोलजी येथे गल्लीतील सहभोजनाच्या तयारीसाठी जमलेल्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



येत्या २६ जानेवारीच्या सायंकाळी गल्लीतील सर्व घरांनी रस्त्यावर एकत्र बसून जेवावे, असे आपण ठरविले आहे. चळवळीच्या माणसांनी जेवणावळींच्या नादी का लागावे, असा प्रश्न काहींनी केला. प्रश्न रास्त आहे. म्हणून प्रथम त्याचेच उत्तर देतो.

आपल्या देशात जात जितकी पोथीने टिकविली, तितकीच पंगतीने टिकविली. कोणी कोणाच्या हातचे खावे आणि कोणी कोणाशेजारी बसावे, यावरच माणसाची पायरी ठरत आली. म्हणूनच ज्यांना ही पायरी मोडायची होती, त्यांनी आधी अन्नपाण्यालाच हात घातला. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९१७ साली केरळातील चेराई येथे अय्यप्पन नावाच्या तरुणाने पुलयांच्या मुलांसोबत सहभोजन घडवून आणले. त्याच्याच जातबांधवांनी त्याला ‘पुलयन’ म्हणून हिणविले. त्याने ती शिवी बिरुदासारखी मिरविली. १९७२ नंतर बाबा आढावांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम महाराष्ट्रभर नेली. आपली पंगत लहान आहे. परंतु ती याच वाटेवरची आहे.

दिवस २६ जानेवारीचा निवडला, हे योग्यच झाले. तो कोणा एका देवाचा वा जातीचा नाही. त्यामुळे त्या दिवशी कोणतेही घर यजमान नाही आणि कोणतेही घर पाहुणे नाही.

परंतु आमंत्रण ‘सर्वांना’ असते, तेव्हा ते पुष्कळदा कोणालाच पोचत नाही. म्हणून घरोघर जा, आणि सुरुवात गल्लीच्या शेवटच्या घरापासून करा. वर्गणी ज्याला जेवढी झेपेल तेवढी घ्या. ज्याला झेपत नाही त्याच्याकडून तास-दोन तासांचे काम घ्या. देणगीदारांच्या नावांचा फलक लावू नका. हिशेब मात्र दुसऱ्याच दिवशी सर्वांसमोर वाचा. चुलीपाशी सर्व समाजांची माणसे असली पाहिजेत, आणि पुरुषही. बायांनी रांधावे आणि शेवटी उरलेले खावे, ही रीत राहिली, तर आपण एक पायरी मोडून दुसरी जपली असे होईल. त्या दिवशी पहिली पंगत बायांची असू द्या.

आता सुरक्षिततेविषयी. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहाचा प्रसाद खाऊन शेकडो माणसे आजारी पडली. ग्रामीण रुग्णालयात जागा अपुरी पडली. दोऱ्यांना सलाईनच्या बाटल्या टांगून उघड्यावर उपचार करावे लागले. ती माणसे विश्वासाने जेवायला आली होती. विश्वासाने आलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी बोलावणाऱ्यावर असते, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून पदार्थ मोजके ठेवा: वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात पुरे. पिण्याचे पाणी शुद्ध केलेलेच आणि झाकलेले असावे. हात धुतल्याविना कोणी वाढू नये. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ तसेच पडू देऊ नका. गरम असतानाच वाढा. उरलेले दुसऱ्या दिवशी वाटण्याचा मोह टाळा, आणि गरिबाच्या घरी तर ते मुळीच पाठवू नका. शिळे अन्न हे दान नव्हे.

सुरतेहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून आहे. पंगत त्यापासून दूर, आतल्या रस्त्यावरच बसवा आणि मुले तिकडे धावणार नाहीत, यासाठी दोन जबाबदार माणसे नेमा. ग्रामपंचायतीला व पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. रुग्णवाहिका थेट आत येईल एवढी वाट मोकळी राहिली पाहिजे. १०८ हा क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ हवा. सिलिंडर उभे ठेवा, मांडवाच्या कापडापासून दूर ठेवा. जवळ वाळूच्या बादल्या असू द्या. विजेच्या तारांवर आकडा टाकू नका. रीतसर जोडणी घ्या. २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास बंदी आहे. मी तर म्हणेन, नऊलाच बंद करा. गल्लीत परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आहेत, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे आहेत. तीही या पंगतीचीच आहेत.

दारू पिऊन कोणी आला, तर दोघा वडीलधाऱ्यांनी त्याला शांतपणे घरी पोचवावे. त्याच्याशी भांडत बसू नये, आणि त्याच्यासाठी पंगतही थांबवू नये. एखादी अफवा कानी आली, तर ती पुढे सांगण्यापूर्वी ज्याच्याविषयी आहे त्यालाच जाऊन विचारावे.

शेवटची गोष्ट. जेवणे झाल्यावर पत्रावळी कोण उचलणार? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडून हे काम करवून घेतले, त्यांच्याच वाट्याला ते पुन्हा येणार असेल, तर मघाचे सहभोजन खोटे ठरेल. पत्रावळी आपण उचलू, रस्ता आपण झाडू, आणि पहिला झाडू या सभेत पुढे बसलेल्यांनी हाती घ्यावा.

किती पाने उठली, हा आपल्या यशाचा हिशेब नव्हे. २७ जानेवारीच्या सकाळी एखाद्या घरी दुखणे आले आणि काल शेजारी बसलेला माणूस न बोलावता धावून गेला, तर आपली पंगत यशस्वी झाली असे समजा.