ज्याला लिहिता येतं त्याने लिहावं



कामगारांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेत सॉफ्टवेअर इंजिनिअर करतो तरी काय, हे मला प्रत्येक लग्नकार्यात विचारलं जातं. 'मोर्च्यात घोषणा देतोस का रे?' असं एका चाचांनी विचारलं होतं. मोर्चे क्वचितच असतात. माझा बराचसा दिवस नावं, तारखा आणि आकडे जुळवण्यात जातो. आज त्याबद्दलच बोलतो, कारण गरिबाची मजुरी पुष्कळदा तिथेच बुडते.

आम्ही भिवंडीतल्या यंत्रमाग कामगारांबरोबर काम करतो. तिथे बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. नेमणूकपत्र नसतं, पगाराची पावती नसते. गावी आजारपण किंवा लग्न निघालं की कामगार उचल घेतो आणि ती पुढे मजुरीतून कापली जाते. किती घेतली, किती फिटली, ही वही मालकाकडे. मग एक दिवस तंटा होतो आणि मालक म्हणतो, 'हा माणूस माझ्याकडे कामाला नव्हताच.' कायदा कामगाराच्या बाजूने आहे, पण त्याच्या दारात जाण्याआधी आपण तिथे राबलो हे दाखवावं लागतं.

मी रुजू झालो तेव्हा मला हे सोपं वाटलं होतं. हजेरी नोंदवणारं मोबाइल अ‍ॅप बनवलं. त्यात नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव हे तिन्ही रकाने भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी समोर बिहारचा एक तरुण बसला. त्याच्या आधारवर एकच नाव होतं. त्याच्यामागच्या बाईंच्या नावापुढे 'खातून' होतं, आणि ते त्यांच्या घराचं आडनाव नव्हतं. तिसऱ्याच्या एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'मो.' आणि तिसऱ्यावर 'एम. डी.', जणू डॉक्टरच! संध्याकाळपर्यंत माझ्या अ‍ॅपने रांगेतल्या निम्म्या माणसांना परत पाठवलं.

मला घाम फुटला, कारण ही अट मी आधीही लिहिली होती. पूर्वीच्या नोकरीत पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव तंतोतंत जुळलं नाही तर ती नोंद बाजूला काढणारा कोड माझाच होता. 'डेटा स्वच्छ झाला' म्हणून मला शाबासकी मिळाली. बाजूला पडलेल्या त्या नोंदींमागे कुणाचा तरी भविष्य निर्वाह निधी अडकला असेल, हे मनातही आलं नाही. आणि माझ्या स्वतःच्या 'शेख'चं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं आहे!

पुढे एक प्रकरण आलं. एका विणकराची अकरा आठवड्यांची मजुरी थकली होती आणि मालक ओळखच नाकारत होता. आमच्याकडे एकही पुरावा नव्हता. तेव्हा त्याच्या बायकोने मुलाची शाळेची वही काढली. मागच्या पानांवर तिने रोजचा हिशोब लिहिला होता: तारीख, पाळी, किती तागे निघाले, किती पैसे आले. सगळं उर्दूत. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, मला उर्दू वाचता येत नाही. ती वही मी घरी नेली. अम्मीने चष्मा लावून रात्री उशिरापर्यंत एकेक ओळ वाचली आणि मी लॅपटॉपवर भरत गेलो. ते तारीखवार कागद बैठकीत ठेवल्यावर मालकाची भाषा बदलली. पूर्ण मजुरी मिळाली नाही. उचल कापून, घासाघीस होऊन जेमतेम दोन तृतीयांश हाती आली. मी चिडलो होतो. तो माणूस मात्र म्हणाला, 'मी तिथे होतो, हे तरी त्याने मान्य केलं.'

या कामात सगळ्यात जड जाते ती एक गोष्ट. मालकही पुष्कळदा आपल्यातलेच असतात, जुम्म्याला त्याच सफमध्ये उभे राहणारे. मग वडीलधारे सांगतात, 'घरातलं भांडण बाहेर नेऊ नका.' घाम वाळण्याआधी मजुरी देण्याबद्दलची हदीस आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सूरह बकराची २८२वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, आपण तितकी आठवत नाही. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लहान असो वा मोठा, त्याचा कंटाळा करू नका, आणि ज्याला लिहिता येतं त्याने लिहायला नकार देऊ नये, असा तिचा आशय आहे. तिथे मला माझी पदवी दिसते.

महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलं आहे. १९६९चा माथाडी कायदा हमालांनी संघटित होऊन मिळवला. त्यात मालक आणि कामगार दोघांची नोंद मंडळाकडे होते. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो आणि मंडळ ती मजुरी कामगाराला देतं. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांची सोय होते. त्यासाठी संगणक लागले नाहीत. वही मालकाच्या एकट्याच्या हातातून निघाली, एवढंच झालं, आणि तेच मोठं होतं.

मी आता अ‍ॅप बदललं आहे. नावाचा एकच रकाना आहे, आणि नाव कागदावर आहे तसं लिहिता येतं. पण खरं काम वहीचंच आहे. तुम्ही सगळ्यांनी नोकरी सोडून या, असं मी म्हणणार नाही. इथे पगार कमी आहे आणि निकाल सावकाश लागतात. फक्त घरी गेल्यावर आपल्या दुकानातला पोरगा, घरी येणाऱ्या मावशी, गल्लीतला गवंडी यांच्यापैकी एकाला विचारा, 'तुमचा हिशोब कुणाच्या वहीत आहे?' स्वतःची वही नसेल तर एक वही घेऊन द्या. तारीख, काम, मिळालेले पैसे, घेतलेली उचल, असे चार रकाने पुरेत. जमलं तर पैसे यूपीआयने घ्यायला सांगा, म्हणजे नोंद दोन्हीकडे राहते. आठवड्याला पानाचा फोटो काढून ठेवा.

आणि पहिल्या पानावर त्याचं नाव त्याच्या आधारवर आहे तसंच लिहा. तुमच्या मनाने दुरुस्त करू नका.