हजेरीपट आणि मतदार यादी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून निवडणुकीचा विषय निघाला की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. "सर, पोरांना शिकू द्या, सियासत हे शरीफ माणसाचे काम नाही," असे मला अनेक पालकांनी ऐकवले आहे. त्यांची भावना मी समजू शकतो. परंतु ज्या शाळेची इमारत, अनुदान, रस्ता आणि नळ हे सारे निवडून आलेल्या माणसांच्या सहीने ठरते, त्या शाळेच्या पालकांना हा विषय परका कसा म्हणता येईल? मी आज कोणत्याही पक्षाचा प्रचार करणार नाही. मी फक्त हिशेब मांडणार आहे.

प्रथम थोडा इतिहास. १९०९ च्या कायद्याने मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. मुसलमान उमेदवाराला मुसलमानांनीच मते द्यायची, अशी ती व्यवस्था होती. शिवाय मताचा अधिकार जमिनीचा सारा, कर किंवा शिक्षण या अटींवर थोड्यांनाच होता. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी बहुतेकांनी, आणि आजीने तर नक्कीच, त्या काळात मतपेटी पाहिलीही नसेल. स्वातंत्र्यानंतर स्वतंत्र मतदारसंघ गेले, आणि १९४९ साली घटना समितीने धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांची तरतूदही सोडून दिली. त्याऐवजी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला एक मत मिळाले. शेतमजुराला एक आणि मालगुजाराला एकच.

त्या घटना समितीत मध्य प्रांत व वऱ्हाडातून गेलेले एक सभासद होते, काझी सय्यद करीमुद्दीन. हे नाव आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी दुरुस्ती सुचवली होती की, सरकारने वाटेल तेव्हा कोणाच्या घराची वा कागदपत्रांची झडती घेऊ नये. त्या वेळी ती मंजूर झाली नाही. परंतु २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा निकालपत्रात या दुरुस्तीची नोंद घेतली गेली. लक्षात घ्या, ती मागणी एका जमातीसाठी नव्हती, ती प्रत्येक भारतीयाच्या उंबरठ्यासाठी होती.

जानेवारी १९४९ मध्ये त्यांनीच प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. लहान लहान गट होऊन सरकार अस्थिर होईल, हे त्यांचे एक कारण. दुसरे कारण असे की ही पद्धत मोठ्या प्रमाणावर साक्षरता गृहीत धरते, आणि ती आपल्या देशात नाही. म्हणजे प्रतिनिधित्वाचा प्रश्न त्या दिवशीही शेवटी पाटी-पेन्सिलीपाशी येऊन थांबला. शिक्षणसंस्थेत मी हा विषय का काढला, याचे उत्तर यात आहे.

आता हिशेब. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे साडेअकरा टक्के होते. लोकसंख्येच्या प्रमाणात २८८ आमदारांत ते तेहतीसच्या आसपास असायला हवेत. २०२४ साली निवडून आले दहा, आणि साऱ्या विदर्भाच्या ६२ जागांत एक, तो आपल्या अकोला पश्चिमचा. ही तूट खरी आहे, आणि पक्ष उमेदवारी देताना हात आखडता घेतात, हेही खरे आहे. तक्रार करण्याचा आपल्याला हक्क आहे. परंतु नुसत्या तक्रारीवर घर चालत नाही.

याच अकोला पश्चिममध्ये २०१९ साली साजिद खान पठाण २,५९३ मतांनी हरले आणि २०२४ साली १,२८३ मतांनी जिंकले. दोन-चार मोहल्ल्यांतील मतदार यादीत जेवढी नावे राहून जातात, तेवढाच हा फरक. मालेगाव मध्यमध्ये २०२४ ला तर केवळ १६२ मतांनी निकाल लागला. तिथे पहिल्या दोन्ही क्रमांकांवर मुसलमान उमेदवारच होते. तेव्हा "कौमची मते एकगठ्ठा माझ्या खिशात आहेत" असे सांगून उमेदवाराकडून थैली घेणारा ठेकेदार तुमच्या मोहल्ल्यात आला, तर त्याला हे उदाहरण सांगा. मत कौमचे नसते, माणसाचे असते. आणि विकलेल्या मताचा मालक पाच वर्षे दारात उभा राहून सवाल विचारू शकत नाही.

दुसरी बाजूही पाहू. १९६७ आणि १९७१ साली अकोल्याने के. एम. असगर हुसेन यांना लोकसभेत पाठवले. अकोल्यात मुसलमान अल्पसंख्य होते आणि आहेत, त्यामुळे त्यांना इतर समाजांनीही मते दिली, हे उघड आहे. १९८० साली बॅरिस्टर अ. र. अंतुले या राज्याचे मुख्यमंत्री झाले. निराधारांसाठीची अनुदान योजना त्यांच्या काळात सुरू झाली. तिचा लाभ घेणाऱ्या विधवेला तिची जात वा मजहब कोणी विचारला नाही.

परदेशातही हेच दिसते. लंडनचे महापौर सादिक खान एका बसचालकाचे चिरंजीव. ते वकील झाले, खासदार झाले आणि २०१६, २०२१ व २०२४ असे तीन वेळा महापौरपदी निवडून आले. अमेरिकेच्या संसदेत पहिला मुसलमान सभासद, कीथ एलिसन, २००६ साली अशा भागातून निवडला गेला जिथे मुसलमान मूठभर होते. २०२५ साली न्यूयॉर्कची निवडणूक जिंकणारे जोहरान ममदानी घरभाडे आणि बस यांविषयी बोलत राहिले. तिघांनीही आपली ओळख लपवली नाही, आणि तिघांनीही सर्वांच्या चुलीचा प्रश्न हाती घेतला. अल्पसंख्य माणसाला निवडणूक जिंकण्याचा याहून दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आता एक घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मतदानाच्या दिवशी माझी आई सकाळीच बुरखा घालून, ओळखपत्र घेऊन केंद्रावर गेली आणि अर्ध्या तासात परत आली. आम्ही घर बदलले होते. जुन्या भागातील यादीतून नाव निघाले होते आणि नव्या भागात ते घातलेच गेले नव्हते. हातात ओळखपत्र असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "नाम नहीं, तो मैं इस गाँव की नहीं क्या?" मी पदवीधर, मास्तर. दररोज चाळीस मुलांची हजेरी घेणारा. पण माझ्या आईची हजेरी मी पाहिली नव्हती. त्या दिवशी मी कोणाला दोष देऊ शकलो नाही.

पुढे अर्ज भरताना दुसरी अडचण निघाली. एका कागदावर तिच्या नावापुढे "बी", दुसऱ्यावर "बेगम", तिसऱ्यावर आडनाव आधी. उर्दूतले नाव मराठीत आणि इंग्रजीत प्रत्येकाने आपल्या कानाप्रमाणे लिहिलेले. आपल्या घरोघरी, विशेषतः बायकांच्या बाबतीत, हे असेच आहे. लग्न होऊन अमरावतीहून अकोल्यास आलेल्या सुनेचे नाव माहेरी राहते किंवा कुठेच राहत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. विद्यार्थी मित्रांनो, १९८९ पासून मताचे वय एकवीसवरून अठरा झाले आहे, आणि सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करता येतो. नव्या नावासाठी नमुना सहा, दुरुस्तीसाठी वा पत्ता बदलण्यासाठी नमुना आठ. नववीपासून पुढच्या प्रत्येक मुलामुलीने या सुट्टीत आपल्या घरातील सर्वांची नावे यादीत पाहावीत. आधी आजीचे पाहावे, मग अम्मीचे, मग वडिलांचे. चूक असेल ती लिहून आणावी. शाळेत आम्ही अर्ज भरून देण्यास बसू. आणि पालकांनो, मुलाचे नाव शाळेत घालताना ते ज्या अक्षरांत लिहाल, त्याच अक्षरांत पुढे सर्वत्र लिहा. अर्धे काम तिथेच होते.

गेल्या निवडणुकीत माझी आई मत देऊन आली, तेव्हा बोटावरची शाई तिने शेजारणींना दाखवली. कोणाला मत दिले ते तिने मला सांगितले नाही. मी विचारले, तर म्हणाली, "वो मेरा है." मित्रहो, याहून चांगली नागरिकशास्त्राची व्याख्या माझ्या पुस्तकात नाही.