निकालाची वाट पाहताना

बारावीचा निकाल जवळ आला की अंबाजोगाईजवळच्या धर्मापुरीतल्या कितीतरी आई-बापांच्या घशाखाली घास उतरत नाही. 2025 साली तो 5 मे रोजी लागला. डॉक्टरकीचा प्रवेश मात्र नीट या प्रवेश परीक्षेवर ठरतो. राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या 15 टक्के जागा देशपातळीवर, 85 टक्के राज्यातून भरतात. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ, म्हणून आशाही मोठी. जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास हे दाखले आत्ताच काढून ठेवा; कागदापायी मिळालेली जागा गेली की फार जिवाला लागतं. आणि लेकरासमोर शेजारच्यांचे गुण काढू नका. बारावीत गुण कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. नापास झालेल्यांची पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते. तिचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयातूनच भरायचा.