पानगळीचा रंग आणि कुंडींतील वृक्ष

शरद् ऋतु म्हणजे झाडांचीं पानें लाल-पिवळीं होऊन गळण्याचा काळ, अशी समजूत इंग्रजी वाचनमालेंतील धड्यांवरून मराठी मुलांच्या मनांत सहज रुजते. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत उमापूर म्हणून गांव आहे. तेथील एखाद्या मुलानें असा धडा वाचून आश्विन-कार्तिकांत शाळेच्या खिडकीबाहेर पाहिलें, तर त्यास काय दिसेल? निंब हिरवागार, चिंच दाट, बांधावरची बाभूळ टवटवीत, कापसाचीं बोंडें फुटत आलेलीं आणि ज्वारीची पेरणी चाललेली. पानगळ तेथें येते ती माघ-फाल्गुनांत, थंडी ओसरून ऊन तापूं लागल्यावर. धडा खोटा नाहीं आणि मुलाचे डोळेहि खोटे नाहींत. धडा एका देशाचा आणि खिडकी दुसऱ्या देशाची, एवढेंच. परंतु हा भेद ज्यास उमगला नाहीं अशा हौशी माणसाच्या हातून कुंडींतील झाड हकनाक मरतें. म्हणून त्याचा विचार करणें अगत्याचें आहे.

कुंडींत वृक्ष खुजा राखण्याची कला चीनमधून जपानांत गेली आणि तेथें वाढली. बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थ उथळ पात्रांतील लावणी असा आहे; मराठींत त्यास वामनवृक्ष हें समर्पक नांव मिळालें. १९२३ सालच्या भूकंपानें टोकियो शहर उद्ध्वस्त झाल्यावर तेथील कांहीं बोन्साय-माळी मोकळी जागा आणि चांगलें पाणी शोधीत ओमिया येथें गेले, आणि १९२५ सालीं त्यांची स्वतंत्र वसाहत उभी राहिली. तेथील मेपलचीं झाडें नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस लाल होतात. हातभर उंचीच्या झाडावर सगळा ऋतु पेटलेला पाहून मन मोहित होतें, आणि आपल्याहि अंगणांत असें एक झाड असावें ही इच्छा दूरच्या खेड्यांतील माणसासहि होते. ती इच्छा पुरी होण्यासारखी आहे काय, हें पाहण्यासाठीं तो रंग येतो कोठून तें आधीं समजून घेतलें पाहिजे.

पान हिरवें दिसतें तें हरितद्रव्यामुळें. त्याच्या जोडीला पानांत पीतद्रव्यें असतात, पण हिरव्या रंगाखालीं तीं झांकलेलीं राहतात. थंड देशांत दिवस लहान होऊं लागले कीं झाड हरितद्रव्य मोडून पानांतील नत्र खोडांत आणि मुळांत परत ओढून घेतें. हिरवा पडदा सरला कीं पिवळा रंग आपोआप उघडा पडतो. लाल रंगाची गोष्ट निराळी. तो बहुधा त्याच दिवसांत नव्यानें तयार होतो. त्यासाठीं पानांत साखर सांचावी लागते, दिवसा स्वच्छ ऊन लागतें आणि रात्रीं गारठा लागतो. त्यानंतर देठाच्या बुडाशीं बुचासारखा एक पडदा धरतो आणि पान गळतें. काश्मीरांतील चिनार आक्टोबर-नोव्हेंबरांत पेटतात ते याच कारणांनीं.

उमापुरांत यांपैकीं ऊन तेवढें भरपूर आहे. विषुववृत्तापासून हें गांव सुमारें १९ अंश उत्तरेस. तेथील लहानांत लहान दिवस सुमारें ११ तासांचा, तर टोकियोचा पावणेदहा तासांचा; म्हणजे दिवसाच्या आंखडण्याची जी सूचना उत्तरेकडील झाडांस स्पष्ट मिळते, ती येथें अस्पष्ट असते. थंडी पडते, पण पारा १० अंशांच्या खालीं क्वचितच उतरतो. मेपलला तर कित्येक आठवडे कडक थंडींत निजावें लागतें. ती झोप न मिळालेलें झाड दुबळें होतें, आणि मग वैशाखांतील ४० अंशांवरचा उन्हाळा व कोरडा वारा त्याचीं नाजूक पानें कडांपासून करपवून टाकतो. लाल रंग दूरच राहतो. झाड जगलें तरी मिळविली, अशी अवस्था होते. हा दोष झाडाचा नाहीं आणि माळ्याचाहि नाहीं.

मग मराठवाड्यांतील झाडें पानें टाकतात तीं कशासाठीं? तेथें उणीव थंडीची नव्हे, पाण्याची. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील हा मुलूख. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने काढावयाचे. पानांतून पाणी सतत हवेंत उडून जातें. जमीन कोरडी होऊं लागली कीं झाड खर्चाची ही वाट बंद करतें आणि जुनीं पानें टाकून मोकळें होतें. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं भोगला त्यांना ही काटकसर निराळी समजावून सांगावी लागणार नाहीं. अशा पानगळींत रंगाचा थाट सहसा नसतो. पानें पिवळसर, तपकिरी होतात आणि वाऱ्याबरोबर जातात. ठळक अपवाद देशी बदामाचा. त्याचीं पानें गळण्यापूर्वीं खरोखर लालभडक होतात. परंतु त्याचें एकेक पान वीतभर असतें व कुंडींत तें फारसें लहान होत नाहीं. म्हणून वामनवृक्षाच्या कामीं त्याचा उपयोग बेताचाच.

तर मग या मातींत लाल रंग नाहींच कीं काय? आहे, आणि विपुल आहे. तो वर्षाच्या दुसऱ्या टोकाला आहे. फाल्गुन-चैत्रांत पिंपळाला तांबूस, तकतकीत पालवी फुटते. निंबाचे शेंडे तांबूस होतात, आंब्याची पालवी तांब्याच्या रंगाची निघते, आणि रानांतला कुसुम तर नव्या पानांनीं असा लाल होतो कीं दुरून तीं फुलेंच वाटावीं. कोंवळ्या पानांत हरितद्रव्य अजून पुरतें तयार झालेलें नसतें. तोंवर हा लाल रंग प्रखर उन्हापासून त्यांचें रक्षण करतो, असें शास्त्रज्ञ मानतात. जपानी माणूस जाणाऱ्या पानाचा रंग पाहावयास डोंगरावर जातो; मराठी माणसानें येणाऱ्या पानास चैत्रपालवी हें नांव दिलें आणि त्याच महिन्यानें आपलें वर्ष सुरू केलें.

उमापूरच्या हौशी माणसानें म्हणूनच मेपल सोडून पिंपळ धरावा. जुन्या भिंतीच्या फटींत उगवलेलें पिंपळाचें रोप पुष्कळदां फुकट मिळतें. तें उथळ कुंडींत, पाणी झटकन निथळेल अशा भरड मातींत लावावें. काळी चिकण माती एकटी कधीं वापरूं नये. झाड चांगलें सशक्त झाल्यावर फाल्गुनांत, नवे कोंब फुगूं लागतांच, उरलेलीं जुनीं पानें हातांनीं देठाशीं खुडावीं. नवीं पानें लहान येतात आणि सगळें झाड एकदम तांबूस होतें. त्या दिवसांत त्यास सकाळचें भरपूर ऊन मिळालें पाहिजे. सावलींत रंग फिका पडतो.

येथेंच दोन धोके आहेत. झाड उघडें पडलें कीं तें वाळलें असें समजून पुष्कळ जण तें उपटून टाकतात, किंवा घाबरून पाण्यावर पाणी ओततात. पहिल्यानें जिवंत झाड फेकलें जातें, दुसऱ्यानें मुळें कुजतात. डहाळीची साल नखानें किंचित् खरवडून पाहावी. खालीं ओला हिरवा थर दिसला तर झाड जिवंत आहे. पानें नसतांना त्याचा खर्च थोडा. माती वरून सुकल्यावरच पाणी द्यावें.

दुसरा धोका अधिक मोठा. नदीकांठचा किंवा विहिरीजवळचा पिंपळ भर उन्हाळ्यांत पालवतो, कारण त्याचीं मुळें खोल ओलीपर्यंत गेलेलीं असतात. कुंडींतील पिंपळ त्याच स्वभावानें त्याच वेळीं पालवतो, पण त्याच्या मुळांखालीं चार बोटें माती आणि मग कुंडीचा तळ. त्याची खोल ओल म्हणजे पाळणाराचा हात. चैत्र-वैशाखांत, गांवांत पाण्याची चणचण असतांना, त्यास सकाळ-संध्याकाळ पाणी लागतें. एक दिवस चुकला तरी पालवी कोमेजते. या तालुक्यांतील कित्येक कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या बंद घरांतील कुंडी जगणें शक्य नाहीं. शेजाऱ्याच्या हवालीं करण्याची सोय नसेल, तर अशा घरानें पिंपळ कुंडींत न लावतां पारावर लावावा, हेंच योग्य.

ज्याचें वास्तव्य गांवांतच आहे, त्यानेंहि दहा कुंड्यांचा हव्यास धरूं नये. एक झाड, फार तर दोन; भाजी धुतलेल्या पाण्यावर निभतील इतकींच. खाऱ्या विहिरीचें आणि साबणाचें पाणी मात्र त्यांस घालूं नये. मेपलचा शरद् उमापुरांत यावयाचा नाहीं. पिंपळाचा चैत्र मात्र तेथें न बोलावतां येतो. कुंडींत त्याचें स्वागत करावयाचें तर रोज दोन तांबे पाण्याची तरतूद आधीं करावी आणि मगच झाड लावावें.