टाचेचे दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि बोलण्याचा सराव स्वयंपाकघरापुरता. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पाच-सहा जणींनी मला बाजूला घेऊन, "तुमच्या टाचेचे काय केले हो?" असे हळूच विचारले. तेव्हा वाटले, एकेकीच्या कानात सांगण्यापेक्षा एकदा सर्वांसमोर सांगावे.

माझी उजवी टाच तीन वर्षे दुखत होती. सकाळी उठून पहिले पाऊल टाकले की काटा भरल्यासारखी कळ यायची. भिंत धरून चार पावले चालले की जरा सैल वाटे, आणि दुपारी ओट्यापाशी उभे राहून पुन्हा ठणका लागे. तापल्या विटेवर रुईची पाने ठेवून शेकले. कोणाच्या सांगण्यावरून बिब्बा घातला, तर फोड आले ते वेगळेच. घरात मात्र अवाक्षर काढले नाही. टाच दुखते म्हणून का कोणी बसून राहते, असे मलाच वाटे. शेवटी एका पहाटे मी न्हाणीपर्यंत रांगत गेले, ते सासूबाईंनी पाहिले. त्याच आठवड्यात घरच्यांनी मला नांदेडला दवाखान्यात नेले.

फोटोत टाचेचे हाड वाढलेले दिसले. मी घाबरले. पण डॉक्टरांनी समजावले की, असे हाड न दुखणाऱ्या पुष्कळ टाचांतही असते. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाखाली एक चिवट पट्टा असतो, तो टाचेपाशी दुखावतो. कडक फरशीवर तासन्‌तास अनवाणी उभे राहणे, वाढलेले वजन, आखडलेल्या पोटऱ्या, ही त्याची नेहमीची कारणे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगते, नाहीतर माझे ऐकून उद्या चार जणी ऑपरेशनला निघाल! दहांतल्या सुमारे नऊ जणींना ऑपरेशन लागत नाही. साध्या उपायांनी वर्षभरात दुखणे ओसरते. अंथरुणातून उठण्यापूर्वी पंचा तळपायाला अडकवून बोटे आपल्याकडे ओढावी. भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी. बर्फ झालेल्या पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवावी. घरातही मऊ चप्पल घालावी. हे रोज करावे, आणि कित्येक महिने धीर धरावा. मी आठ महिने केले. एक इंजेक्शनही घेतले, त्याचा गुण दोन महिने टिकला. माझी टाच त्या दहाव्या बाईची निघाली, म्हणून ऑपरेशन ठरले.

पोळ्याच्या चार दिवस आधी ते झाले. कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केला आणि त्या पट्ट्याचा थोडा भाग कापून ताण मोकळा केला. सगळा कापीत नाहीत, कारण तळपायाची कमान त्याच्यावरच उभी असते. तासाभराचे काम. मला वाटले, सुटले!

खरी परीक्षा पुढेच होती. टाके निघेपर्यंत पाय टेकायचा नाही, अशी ताकीद होती. पण महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा, आणि मी पलंगावर! सासूबाई आणि मुलगी करीत होत्या, थोरला मुलगा भांडी घाशीत होता. ते पाहून मला समाधान वाटायला हवे होते. मला लाज वाटली. बाराव्या दिवशी, जेवणाच्या दिवशी, मी कोणाचे न ऐकता कुबडी बाजूला ठेवली आणि दोन तास पुरण घाटीत उभी राहिले. संध्याकाळी पट्टी रक्ताने भिजली. टाके उसवले होते. जखम चिघळली आणि जे दीड-दोन महिन्यांत व्हायचे, त्याला चार महिने लागले. दोष डॉक्टरांचा नाही, घरच्यांचा नाही, माझा स्वतःचा.

त्या रात्री सासूबाई माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "महालक्ष्म्या दरवर्षी येतात गं, पाय कुठून आणशील?" मग हळूच स्वतःची टाच दाखवली. वीस वर्षे त्यांचीही दुखत होती. एका छपराखाली आम्ही दोघी दुखणे लपवून एकमेकींपुढे धडधाकट म्हणून वावरत होतो!

पुढचे चार महिने मी खाली बसून विळीवर भाजी चिरली, खुर्चीवर बसून पोळ्या लाटल्या, बाकीचे घराने केले. घर मोडले नाही. पोळ्या थोड्या जाड झाल्या, एवढेच. आज मी बाजारापर्यंत चालत जाते. लांबच्या चालण्याने पाय अजून जड होतो, पण सकाळची ती कळ गेली. पहाटे आम्ही सासूसुना दोघी पंचे घेऊन पाय ताणतो. मुले हसतात, हसोत.

भगिनींनो, आपण गंगाखेडच्या. जनाबाई आपल्याच गावची. तिला दळू लागायला विठ्ठल आला, ही कथा आपण लेकरांना सांगतो. जातेही तेच, दळणही तेच. पण मदतीला हात आला तेव्हा जनाबाईने "नको, माझे मीच करते" असे म्हटले नाही. मी म्हटले, आणि त्याची किंमत भरली. दुखत असेल तर आजच घरी सांगा, आणि कोणी "बस" म्हटले तर बसा.