वेलीच्या मुळाशी



वाटाण्याचा वेल मातीसकट हलकेच उपटला, तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. हा रोग नव्हे. या गाठींत वस्तीला असलेले जंतू हवेतील नायट्रोजन घेऊन वेलाला खत पुरवतात, हे हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली दाखवून दिले.

पण इतर जंतूंना जी वनस्पती थारा देत नाही, तिने यांनाच घरात कसे घेतले?

वनस्पतीला ना रक्त, ना पांढऱ्या पेशी. तिच्या संरक्षणसामग्रीत 'डिफेन्सिन' नावाची चिमुकली प्रथिने असतात. लांबी अवघी पन्नासेक अमिनो आम्लांची. पण गंधकाच्या चार टाक्यांनी ती अशी घट्ट शिवलेली असतात, की सहजी उसवत नाहीत. लसूणघासाच्या बियांतील अशा एका प्रथिनाचे जनुक बटाट्यात घातल्यावर तो मर आणणाऱ्या एका बुरशीला पुरून उरला, असे २००० साली प्रसिद्ध झाले.

खरी गंमत पुढेच आहे. लसूणघासाच्या एका रानटी बहिणीत या शस्त्रांशी मिळतीजुळती प्रथिने घडवणारी सुमारे सातशे जनुके सापडली, आणि ती बहुतेक सगळी फक्त मुळांच्या गाठींत जागी होतात! वाटाण्यातही अशी जनुके आहेत. ही प्रथिने जंतूच्या अंगात शिरतात, असे २०१० साली सिद्ध झाले. जंतू मरत नाही. फुगतो, राबतो, पण त्याची प्रजा वाढत नाही. सोयाबीनमध्ये ही जनुके नाहीत. तिथला जंतू गाठ सडल्यावर पुन्हा मातीत नांदू शकतो. वाटाण्यातल्या फुगलेल्या जंतूला मात्र परतीची वाट नाही. याला मैत्री म्हणावे की वेठबिगार, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मात्रा मोठी नाजूक आहे. सातशेंपैकी एखादेच विशिष्ट जनुक बिघडले, तरी गाठीतले जंतू तग धरत नाहीत, असे २०१५ साली आढळले. उलट २०१७ साली अशी दोन प्रथिने सापडली, की जी काही वाणांत ठरावीक जातीच्या जंतूंना गाठीतच मारतात. गाठ धरते, खत मिळत नाही!

म्हणून पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणूंचे संवर्धन चोळणाऱ्या शेतकऱ्याने नुसत्या गाठी मोजू नयेत. फुलोऱ्याच्या सुमारास एकदोन वेल उपटावेत आणि गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी असेल, तर काम चालू आहे. पांढरी निघाली, तर गाठ आहे, पण खताचे काम होत नाही.